डॉ. फिलिप हेंच : स्टेरॉइडच्या पहिल्या सुईमागचा माणूस



आपल्या खापरखेड्यात गुडघे धरून बसलेली माणसं घरोघरी दिसतात. वीज केंद्रात, आजूबाजूच्या कोळसा खाणींत नाहीतर शेतात उभं आयुष्य काढलेली. एखादी सुई घेतली की दुसऱ्या दिवशी ती चालायला लागतात आणि दुखणं परतलं की तीच सुई पुन्हा मागतात. अशी सुई पुष्कळदा स्टेरॉइडची असते. ती आमवाताच्या रुग्णाला पहिल्यांदा देणाऱ्या डॉक्टरांची ओळख आज करून घेऊया.

फिलिप हेंच यांचा जन्म 28 फेब्रुवारी 1896 रोजी अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे झाला. 1920 मध्ये ते डॉक्टर झाले आणि पुढे मेयो क्लिनिक या नामांकित रुग्णालयात संधिवाताचा विभाग सांभाळू लागले. आमवात म्हणजे जन्माची शिक्षा, असं तेव्हा डॉक्टरही मानत. पण 1929 मध्ये हेंच यांनी एक नवल पाहिलं. आमवाताच्या एका रुग्णाला कावीळ झाली आणि त्याचे सांधे दुखायचे थांबले. कावीळ गेल्यावर काही आठवड्यांनी दुखणं परत आलं. गरोदरपणातही काही स्त्रियांना असाच आराम पडतो, हे त्यांनी टिपून ठेवलं. म्हणजे दुखणं मागे फिरू शकतं, आणि ते फिरवणारं काहीतरी शरीरातच आहे! (निरीक्षण कशाला म्हणतात हे मुलांना सांगायला याहून चांगलं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही.)

त्याच रुग्णालयात एडवर्ड केंडॉल हे रसायनशास्त्रज्ञ होते. मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींतून ते एकेक पदार्थ वेगळा करत होते. त्यातला कंपाउंड ई वापरून पाहावा, असं दोघांनी 1941 मध्ये ठरवलं. पण औषध आणायचं कुठून? जनावरांच्या ढीगभर ग्रंथींतून जेमतेम चिमूटभर मिळायचं. त्यात महायुद्ध आलं आणि हेंच सैन्यात गेले. पुढे मर्क कंपनीने बैलाच्या पित्तापासून ते तयार केलं, तेही मोठ्या खटपटीने.

अखेर 21 सप्टेंबर 1948 रोजी 29 वर्षांच्या एका बाईंना पहिली सुई दिली गेली. आजाराने त्यांना जखडून टाकलं होतं. रोज 100 मिलिग्रॅम, स्नायूत. काही दिवसांतच त्या थोड्या लंगडत का होईना, चालू लागल्या आणि आठवडाभरात बाजारात जाऊन खरेदीही करून आल्या. हेच औषध पुढे कॉर्टिसोन म्हणून गाजलं. 1950 मध्ये हेंच, केंडॉल आणि स्वित्झर्लंडचे राइखस्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

पण गोष्ट इथे संपत नाही. औषध थांबलं की दुखणं परत यायचं. चालू ठेवलं तर चेहरा चंद्रासारखा गोल व्हायचा, अंगावर सूज यायची, मन बिघडायचं. हेंच यांनी हे लपवलं नाही. हा रोग बरा करणारा उपाय नव्हे, अजून संशोधन चालू आहे, असं ते 1949 पासूनच बजावत होते. वर्तमानपत्रांना मात्र चमत्कार हवा होता! 30 मार्च 1965 रोजी जमैकात त्यांचं निधन झालं.

दरम्यान 1951 मध्ये अमेरिकेतच हॉलँडर यांनी हायड्रोकॉर्टिसोन थेट सांध्यात द्यायला सुरुवात केली. गुडघ्यातली आजची सुई ती हीच. योग्य हातात ती उपयोगाची आहे, पण जंतुविरहित पद्धतीने द्यावी लागते आणि एकाच सांध्यात साधारण तीन महिन्यांच्या आत पुन्हा देत नाहीत. स्टेरॉइड बरेच दिवस चाललं तर आपल्या ग्रंथी काम करायचं सोडून देतात. म्हणून ते एकदम बंद करणंही धोक्याचं, डॉक्टर हळूहळू कमी करतात. वारंवार घेतल्याने हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते, आणि अंगात जंतुसंसर्ग असला तरी ताप दबून राहतो.

मात्रेचा हिशोब आपण डोळ्यांनी पाहिला आहे. 2020 मध्ये इंग्लंडच्या अभ्यासात डेक्सामेथासोनच्या रोज 6 मिलिग्रॅम मात्रेने ऑक्सिजनवरच्या कोरोना रुग्णांचे प्राण वाचले. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना मात्र काहीच फायदा झाला नाही. तरी भीतीपोटी अनेकांनी गरज नसताना, जास्त दिवस ते घेतलं. 2021 च्या उन्हाळ्यात नागपूरचे दवाखाने काळ्या बुरशीच्या रुग्णांनी भरले. बहुतेकांची साखर वाढलेली होती आणि बऱ्याच जणांना स्टेरॉइड दिलेलं होतं. कित्येकांचा डोळा गेला, कित्येकांचा जबडा.

तेव्हा पालकहो, आजी-आजोबांना सुई लागली तर औषधाचं नाव विचारा, न लाजता. तारीख आणि नाव लिहिलेला कागद जपून ठेवा आणि पुढच्या वेळी, डॉक्टर दुसरे असले तरी, तो दाखवा. मधुमेह असेल तर आधीच सांगा. सुईनंतर काही दिवस साखर चढू शकते, त्या दिवसांत ती जास्त वेळा तपासून घ्या.