विश्लेषण : बँकेतील रोकड आटली तर कोण धावून येते? चिंतामणराव देशमुखांच्या काळात ही घडी कशी बसली?

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत गळीत हंगाम सुरू झाला, की बँकांच्या शाखांमध्ये पैशाची मागणी वाढते. तोडणी-वाहतुकीची उचल, कारखान्यांचे खेळते भांडवल, पुढच्या लागणीचे पीककर्ज असे सगळे एकदमच येते. ऊसबिले खात्यावर जमा झाली की त्यातला बराच पैसा पुन्हा ठेवींच्या रूपाने परततो. पण मधल्या काळात रोकड कमी पडली तर? या प्रश्नाचे उत्तर घडवण्यात रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचा वाटा मोठा होता.

रोख तरलता म्हणजे काय?

ठेवीदार आपला पैसा केव्हाही मागू शकतो, कर्ज मात्र मुदतीनेच परत येते. आडसाली ऊस १६ ते १८ महिने शेतात उभा असतो. त्यावर दिलेले कर्ज उद्या सकाळी वसूल करता येत नाही. त्यामुळे बँक काही रक्कम रोख आणि काही सरकारी रोख्यांत ठेवते. कर्जे बुडाली तर बँक खरोखरच तोट्यात जाते. पण कर्जे चांगली असूनही अफवेमुळे सगळे ठेवीदार एकाच दिवशी रांगेत उभे राहिले, तर सुस्थितीतील बँकही कोसळते. अशा वेळी चांगल्या तारणावर उसने पैसे देणे हे मध्यवर्ती बँकेचे काम. अडचण अशी, की बँक केवळ रोकडीअभावी अडली आहे की आतून पोखरली आहे, हे बाहेरून कळत नाही.

देशमुख रिझर्व्ह बँकेत कसे आले?

देशमुखांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी महाड तालुक्यातील नाते येथे झाला. १९१२ मध्ये मॅट्रिकला पहिले येऊन त्यांनी जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली. केंब्रिजला निसर्गविज्ञान शिकून ते १९१८ मध्ये आयसीएस परीक्षेत पहिले आले. मध्य प्रांत आणि वऱ्हाडात वीस वर्षे प्रशासनात घालवल्यानंतर १९३९ मध्ये ते रिझर्व्ह बँकेत दाखल झाले.

त्याच्या आदल्याच वर्षी त्रावणकोर नॅशनल अँड क्विलॉन बँक बुडाली होती. रिझर्व्ह बँक वेळेत मदतीला आली नाही, अशी टीका झाली. मात्र तिला अडचणीतील बँकेची पुस्तके तपासण्याचे पुरेसे अधिकार नव्हते आणि कर्जही कायद्याने ठरवून दिलेल्या तारणावरच देता येत होते. देशमुख डिसेंबर १९४१ मध्ये डेप्युटी गव्हर्नर आणि ११ ऑगस्ट १९४३ रोजी गव्हर्नर झाले.

त्यांच्यासमोर कोणते संकट आले?

युद्धकाळात नव्या बँका आणि शाखा भराभर निघाल्या. त्यांतील अनेकांचे भांडवल तुटपुंजे होते. १९४६ मध्ये वटहुकमाने बँकांच्या तपासणीची सोय झाली आणि शाखाविस्तारावर कायद्याने लगाम आला. पुढच्याच वर्षी फाळणी झाली. पंजाबातील बँकांच्या शाखा, तारण माल आणि कर्जदार सीमेपलीकडे राहिले. ठेवीदार मात्र इकडे येऊन पैसे मागू लागले. तेव्हा नेहमीच्या नियमांत न बसणाऱ्या तारणावरही कर्ज देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेला देण्यात आली. ३० जून १९४८ पर्यंत पाकिस्तानची मध्यवर्ती बँक म्हणूनही हीच बँक काम पाहत होती.

१ जानेवारी १९४९ रोजी रिझर्व्ह बँकेचे राष्ट्रीयीकरण झाले आणि त्याच वर्षी १६ मार्चला बँकिंग कंपन्या कायदा लागू झाला. परवाना देणे, तपासणी करणे, ठेवींच्या प्रमाणात रोख व रोखे बाळगायला लावणे हे अधिकार एका कायद्यात आले. मदत हवी असेल तर हिशेब उघडा ठेवा, असा हा व्यवहार होता. ३० जून १९४९ रोजी देशमुख पदावरून निवृत्त झाले.

अर्थमंत्री म्हणून काय बदलले?

१९५० मध्ये ते अर्थमंत्री झाले. त्याच वर्षअखेरीस बंगालमधील चार बँका एकत्र करून युनायटेड बँक ऑफ इंडिया उभी राहिली. नोव्हेंबर १९५१ मध्ये बँक दर ३ वरून ३.५ टक्के झाला, तर जानेवारी १९५२ पासून हुंडी बाजार योजनेमुळे हंगामातील कर्जमागणीसाठी बँकांना रिझर्व्ह बँकेकडून उसनवार घेण्याची नवी वाट मिळाली. याच दशकाच्या सुरुवातीला शेतीच्या हंगामी कर्जासाठी रिझर्व्ह बँकेच्या मदतीची मुदत ९ वरून १५ महिने करण्यात आली. उसासारख्या लांब मुदतीच्या पिकाला ही वाढ मोलाची होती. १ जुलै १९५५ रोजी इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली. पुढच्या वर्षी मुंबईच्या प्रश्नावरून देशमुखांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. २ ऑक्टोबर १९८२ रोजी त्यांचे हैदराबादमध्ये निधन झाले.

कोणती उणीव राहिली?

१९४९ च्या कायद्याच्या कक्षेत सहकारी बँका नव्हत्या. ऊसपट्ट्यातील शेतकऱ्याचा व्यवहार मुख्यतः जिल्हा बँक आणि गावच्या सोसायटीशी. सहकारी बँकांना बँकिंग कायदा लागू झाला तो १ मार्च १९६६ पासून, तोही मर्यादित स्वरूपात. ठेव विमा १९६२ मध्ये सुरू झाला. फेब्रुवारी २०२० पासून त्याची मर्यादा प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाख रुपये आहे. सहकारी बँकांवरील रिझर्व्ह बँकेचे अधिकार वाढवणारी दुरुस्तीही २०२० मध्येच झाली, तीही एक मोठी नागरी सहकारी बँक अडचणीत आल्यानंतर. संकटात पैसा पुरवणे तुलनेने सोपे असते. तो कोणाला पुरवावा हे ठरवायला तपासणी आधीच झालेली असावी लागते, आणि सहकारी बँकांच्या ठेवीदाराला या तपासणीची वाट अधिक काळ पाहावी लागली.