दादासाहेबांचा लढा आणि सातबाऱ्यावरचा ‘वर्ग दोन’

२९ डिसेंबर आला की गावोगावी कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या प्रतिमेला हार घातला जातो, काळाराम मंदिर सत्याग्रहावर भाषणे होतात आणि सभा संपते. मंदिराचे दादासाहेब आपल्याला पाठ आहेत; जमिनीचे दादासाहेब आपण विसरत चाललो आहोत. वतनाच्या जमिनींचे दावे चालवणाऱ्या माझ्यासारख्या वकिलाला मात्र ते प्रत्येक तारखेला आठवतात.

१५ ऑक्टोबर १९०२ रोजी नाशिक जिल्ह्यात, दिंडोरी तालुक्यातील आंबे गावी भाऊराव कृष्णराव गायकवाड यांचा जन्म महार कुटुंबात झाला. महारकी काय असते हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. १८७४ च्या वतन कायद्याने महाराला जमीन होती, पण मालकी नव्हती. सरकारची आणि गावाची कामे रात्रंदिवस करायची, त्याचा मोबदला म्हणून ती कसायची. काम नाकारले की जमिनीवर गदा. जमीन पोट भरत नव्हती आणि माणसाला सोडतही नव्हती. ही बेडी तोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कौन्सिलात बिल आणले, पण त्याचा कायदा होऊ शकला नाही.

दादासाहेब १९३० ला काळारामाच्या दारात उभे राहिले, १९३७ ला स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधानसभेत गेले. वतनी जमिनीच्या प्रश्नावर १९३९ ला हरेगावात आणि १९४१ ला सिन्नरला परिषदा झाल्या. सिन्नर तर त्यांच्याच जिल्ह्यातले. वतन बंद व्हावे पण जमीन कसणाऱ्याकडेच राहावी, ही त्यामागची मागणी.

दादासाहेब १९५७ ला नाशिकहून लोकसभेत निवडून गेले. पुढच्याच वर्षी कनिष्ठ गाव वतने नाहीशी करण्याचा कायदा झाला आणि १ ऑगस्ट १९५९ पासून अंमलात आला. महारकी कायद्याने गेली. कब्जेहक्काची रक्कम भरल्यावर जमीन वतनदाराला परत मिळू लागली, मात्र नवीन व अविभाज्य शर्तीवर. जिल्हाधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय विकायची नाही, वाटायची नाही. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग दोन’ लागतो तो यामुळे.

ज्यांना वतनही नव्हते त्यांचे काय, हा प्रश्न घेऊन दादासाहेब १९५९ ला भूमिहीनांसह रस्त्यावर उतरले. पडीक जमीन, गायरान, वनखात्याची कसण्याजोगी जमीन भूमिहीनाला द्या, एवढीच मागणी. आपल्यातल्याच काही सुशिक्षित पुढाऱ्यांना ही पद्धत पसंत नव्हती, आणि रिपब्लिकन पक्षाच्या फुटीत तो वाद होताच. मी स्वतः काळा कोट घालतो, तरीही सांगतो, त्या वादात धोतरवाले दादासाहेब जास्त कायदा जाणत होते. कागदावरचा हक्क ताब्यात जमीन आल्याशिवाय हक्क होत नाही, हे त्यांना कळले होते. ६ डिसेंबर १९६४ ला सत्याग्रह देशभर सुरू झाला. तीन लाखांहून अधिक माणसे तुरुंगात गेली, बायाबापड्या कडेवर पोरे घेऊन गेल्या. पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींच्या सरकारला मागण्यांची दखल घ्यावी लागली. २९ डिसेंबर १९७१ रोजी दादासाहेब गेले.

आता वाद उलट्या दिशेने चालले आहेत. शहर वाढले, वतनाच्या शेताला कोटींचा भाव आला आणि वर्ग दोनची शर्त बिल्डरला खुपू लागली. समोरचा वकील कोर्टात सांगतो की ही शर्त म्हणजे खाजगी मालकीवर अन्याय आहे. ऐकायला हे आपल्याच बाजूचे वाटते. आपली काही तरुण मुलेही म्हणतात, जमीन आमची, मग परवानगी कशाला? प्रश्न रास्त आहे, आणि परवानगीच्या नावाखाली कचेरीत होणारी अडवणूकही खरी आहे. पण माझ्याकडे येणाऱ्या फायलींत विक्री आधीच झालेली असते. म्हाताऱ्या आजीचा अंगठा कुलमुखत्यारपत्रावर घेतलेला, हातावर काही हजार ठेवलेले, परवानगीचा पत्ता नाही. अशा दाव्यात माझ्या हातात एकच हत्यार उरते, ते म्हणजे ही शर्त. शर्त नसती तर तो व्यवहार पहिल्याच दिवशी पक्का झाला असता. २०२५ मध्ये पुण्याजवळच्या मुंढव्यातील महार वतनाच्या जमिनीचा व्यवहार राज्यभर गाजला, तोही जमीन वतनाची होती म्हणूनच.

परवानगीची पद्धत सोपी करा, मुदत बांधून द्या, हे मागितलेच पाहिजे. शर्तच काढा अशा अर्जावर मात्र सही करण्याआधी समाजबांधवांनी अर्ज लिहून कोणी आणला ते विचारावे. परवाच एक अर्ज पाहिला. अर्जदारांची नावे आपली, टाइप केलेला कागद आणि स्टॅम्पचा खर्च विकत घेणाऱ्याचा.