नदीलाही फिर्याद करू द्या म्हणणारा न्यायमूर्ती

जंगल वाचवा, नदी वाचवा असे कोणी म्हणाले की आपल्या वस्तीतल्या माणसाच्या मनात शंका येते. ही शंका निराधार नाही. पोट भरलेल्यांनी वाघ वाचवायचा आणि जंगलावर ज्याची चूल पेटते त्या आदिवासीने मात्र गाव सोडायचे, हा अनुभव या देशाने घेतला आहे. पण म्हणून निसर्गरक्षणाचा लढा सुखवस्तूंच्या हाती सोडून द्यायचा का? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम ओ. डग्लस यांचे आयुष्य या प्रश्नाच्या निमित्ताने तपासण्यासारखे आहे.

डग्लस यांचा जन्म १६ ऑक्टोबर १८९८ रोजी मिनेसोटा राज्यात झाला. वडील धर्मोपदेशक होते. १९०४ मध्ये ते वारले आणि आई तीन मुलांना घेऊन वॉशिंग्टन राज्यातील याकिमा गावी येऊन राहिली. घरात पैशांची चणचण होती. लहानपणीच्या आजाराने विल्यमचे पाय अशक्त झाले होते. ते बळकट करण्यासाठी हा मुलगा गावाजवळचे डोंगर चढू लागला आणि डोंगराशी त्याचे नाते जडले ते कायमचे. सुट्टीत तो मळ्यांत फळे तोडायला जाई. तिथे गावोगाव भटकणारे मजूर त्याला भेटले. पोलीस या माणसांना कसे वागवतात, हे त्याने जवळून पाहिले.

शिष्यवृत्तीवर पदवी घेऊन आणि दोन वर्षे शाळेत शिकवून १९२२ साली ते न्यूयॉर्कला निघाले. तिकिटाला पैसे नव्हते, म्हणून मेंढ्या नेणाऱ्या मालगाडीतून त्यांनी प्रवास केला. ज्या कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर शिकले, त्याच विद्यापीठात डग्लस यांनी १९२५ मध्ये कायद्याची पदवी मिळवली. पुढे ते प्राध्यापक झाले, शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी आयोगाचे अध्यक्ष झाले आणि १९३९ मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, राष्ट्राध्यक्ष रुझवेल्ट यांनी त्यांना सर्वोच्च न्यायालयात नेमले. ३६ वर्षांहून अधिक काळ ते त्या पदावर राहिले. इतका दीर्घ काळ त्या न्यायालयात दुसरा कोणीही न्यायमूर्ती राहिलेला नाही.

१९५४ साली राजधानी वॉशिंग्टनजवळचा जुना चेसापीक-ओहायो कालवा आणि त्याच्या काठची झाडी यांवर मोटाररस्ता करण्याचा घाट घातला गेला. एका बड्या वृत्तपत्राने अग्रलेख लिहून या रस्त्याची भलामण केली. डग्लस यांनी संपादकांना जाहीर आव्हान दिले, की आधी माझ्याबरोबर हा कालवा पायी चाला, मग मत द्या. २० मार्चला पदयात्रा निघाली. योगायोग असा की १९२७ साली याच तारखेला महाडला चवदार तळ्याचे पाणी प्राशन करून बाबासाहेबांनी सार्वजनिक पाण्यावरचा माणसाचा हक्क बजावला होता. सुमारे ३०० किलोमीटरची ती वाट आठ दिवसांत शेवटपर्यंत चालून गेलेले नऊच जण होते. त्यांत ५५ वर्षांचे डग्लस होते. वृत्तपत्राने आपली भूमिका बदलली, रस्ता झाला नाही आणि १९७१ मध्ये त्या कालव्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. त्या पदयात्रेनंतर दोनच महिन्यांनी काळ्या-गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवणारा ऐतिहासिक निकाल एकमताने लागला. त्या न्यायपीठावरही डग्लस होते.

१९७२ सालात त्यांचे दोन मोठे निवाडे आले. फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल शहरात निरुद्देश भटकणे हाच गुन्हा मानणारा वटहुकूम होता. डग्लस यांनी न्यायालयाचा एकमुखी निकाल लिहून तो रद्द केला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या गेलेल्या आपल्या देशात या निकालाचे मोल वेगळे सांगायला नको.

दुसरा खटला कॅलिफोर्नियातील मिनरल किंग या दरीचा. तिथे वॉल्ट डिस्ने कंपनीला बर्फावरील खेळांचे भव्य पर्यटनस्थळ उभारायचे होते. विरोध करणाऱ्या सिएरा क्लब या संस्थेला दावा करण्याचा अधिकार सिद्ध करता आलेला नाही, असे बहुमताने ठरले. डग्लस यांनी विरोधी मत नोंदवले. जहाजाला आणि कंपनीला कायदा व्यक्ती मानतो, तर नदीला, दरीला, झाडांच्या राईला का मानू नये, असा त्यांचा सवाल होता. मात्र त्यांच्या वतीने बोलायचे ते त्यांच्याशी जिव्हाळ्याचे नाते असलेल्या माणसांनी. खटला हरला, पण १९७८ मध्ये ती दरी राष्ट्रीय उद्यानात सामील झाली. आपल्याकडे देवळातील मूर्ती कायद्याने व्यक्ती ठरते, तिच्या नावावर जमीन असते. मग ज्या नदीचे पाणी साऱ्यांनी प्यायचे, तिने काय पाप केले आहे?

डग्लस निर्दोष नव्हते. दुसऱ्या महायुद्धात सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबले गेले. त्यांना घरादारातून हुसकावणारा हुकूम वैध ठरवणाऱ्या १९४४ च्या निकालात ते बहुमताबरोबर गेले. पुढे त्यांनी याबद्दल खंत व्यक्त केली. हाताखालच्या माणसांशी त्यांचे वागणे कठोर असे.

आदिवासींच्या प्रश्नावरही त्यांचा प्रवास सरळ नव्हता. प्युअलप जमातीच्या मासेमारीवर संवर्धनासाठी राज्य बंधने घालू शकते, असे त्यांनीच १९६८ मध्ये लिहिले. पण मूळ रहिवाशांच्या जाळ्यांवर सरसकट बंदी घालून स्टीलहेड मासे गळ टाकणाऱ्या हौशी लोकांसाठी राखून ठेवणे हा भेदभाव आहे, असा निकालही १९७३ मध्ये त्यांनीच लिहिला. संवर्धनाचा भार कोणाच्या डोक्यावर ठेवला जातो, हा खरा प्रश्न आहे. आपला २००६ चा वनहक्क कायदा याच प्रश्नातून जन्मला.

त्यांना पदावरून हटवण्याचे प्रयत्न १९५३ आणि १९७० मध्ये झाले. दोन्ही फसले. पक्षाघातानंतर १९७५ मध्ये ते निवृत्त झाले आणि १९ जानेवारी १९८० रोजी त्यांचे निधन झाले. वॉशिंग्टन राज्यातील एका विस्तीर्ण संरक्षित रानाला १९८४ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले.

आपली मुले आज मोठ्या संख्येने कायदा शिकत आहेत. गायरान, नदी, तळे, जंगल ही भूमिहीनांची उरलीसुरली मालमत्ता आहे. तिच्या वतीने न्यायालयात उभे राहणारे वकील आपल्यातूनच निघाले पाहिजेत. नाहीतर निसर्गही त्यांचाच आणि न्यायही त्यांचाच, अशी गत होईल.