चार्ल्स केटरिंग : तुमच्या गाडीतल्या ठिणगीमागचा माणूस

छोटी कार चढावर उचकायला लागली, पिकअप गेला आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकू लागला, की मेकॅनिक बहुतेक वेळा दोनच नावं घेतो: प्लग किंवा कॉइल. आमच्या भंडारा जिल्ह्यात पावसाळ्यात हे जरा जास्तच ऐकू येतं. आज मी कॉइल कशी चालते, कशी सांभाळायची आणि कशी बदलायची ते सांगणार आहे. पण ते सांगायला मी एका माणसाचं आयुष्य निवडलंय, कारण गाडीतली ही पद्धत त्याच्याच नावाने ओळखली जाते.

शेतकऱ्याचा मुलगा, कमजोर डोळे

चार्ल्स फ्रँकलिन केटरिंग यांचा जन्म २९ ऑगस्ट १८७६ रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, लाउडनव्हिल गावाजवळच्या शेतावर झाला. डोळे लहानपणापासून कमजोर. वाचलं की डोकं दुखायचं. आधी त्यांनी खेड्यातल्या शाळेत शिकवलं, मग ओहायो स्टेट विद्यापीठात इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला. पण डोळ्यांमुळे शिक्षण मध्येच सोडावं लागलं. त्या काळात ते टेलिफोनचे खांब रोवणाऱ्या आणि तारा ओढणाऱ्या टोळीत काम करत होते. वीज त्यांनी पुस्तकाइतकीच हातानेही शिकली. पदवी मिळाली १९०४ साली, म्हणजे वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी.

त्याच वर्षी डेटन शहरातल्या नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत नोकरी लागली. दुकानाच्या गल्ल्यावरचं यंत्र तोवर हाताने फिरवावं लागायचं. केटरिंग यांनी त्याला छोटी विजेची मोटर बसवली. ही मोटर पुढे कामाला येणार आहे, लक्षात ठेवा.

गोठ्यासारख्या शेडमधली कॉइल

कंपनीतले सहकारी एडवर्ड डीड्स यांच्या घरामागे एक शेड होती. नोकरीनंतरच्या वेळात तिथे काही मित्र जमायचे आणि गाड्यांवर प्रयोग करायचे. त्यातूनच १९०९ मध्ये डेल्को ही कंपनी उभी राहिली.

तेव्हाच्या बऱ्याच गाड्यांत ठिणगी द्यायला सतत थरथरणारी कॉइल असायची. एका स्फोटासाठी ती ठिणग्यांचा पाऊस पाडायची आणि कोरडे सेल लवकर संपायचे. (आमच्या तुमसर तालुक्यातल्या डोंगरी बुजुर्ग खाणीतलं मँगनीज डायऑक्साइड अशाच कोरड्या सेलसाठी वापरलं जातं.) केटरिंग यांनी गल्ल्याच्या यंत्रासाठी केलेली रिले वापरून एका स्फोटाला एकच, पण दमदार ठिणगी मिळेल अशी व्यवस्था केली. कॅडिलॅकने ती १९१० च्या मॉडेलमध्ये घेतली.

तत्त्व सोपं आहे. लोखंडी गाभ्यावर तांब्याच्या दोन तारा गुंडाळलेल्या असतात: जाड तारेचे थोडे वेढे आणि बारीक तारेचे हजारो वेढे. जाड तारेतून बॅटरीचा प्रवाह सोडला की गाभ्यात चुंबकीय क्षेत्र तयार होतं. तो प्रवाह अचानक तोडला की क्षेत्र कोसळतं आणि बारीक तारेत हजारो व्होल्ट उसळतात. तेच प्लगच्या फटीतून ठिणगी होऊन उडी मारतात. म्हणजे कमाल प्रवाह सोडण्यात नाही, नेमक्या क्षणी तोडण्यात आहे. पूर्वी हे काम पॉइंट करायचे, आज ट्रान्झिस्टर करतो. पूर्वी एक कॉइल आणि डिस्ट्रिब्युटर असायचा, आज बहुतेक छोट्या गाड्यांत प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतःची कॉइल बसते. १२ व्होल्टचे २०-३० हजार व्होल्ट करायची रीत मात्र तीच.

हँडलपासून सुटका

त्या काळी इंजिन हँडल मारून सुरू करायचे. हँडल उलटं फिरलं की मनगट मोडायचं, कधी जीवही जायचा. विजेवर सुरू करायचं तर इंजिनाएवढी मोठी मोटर लागेल, असं जाणकारांचं मत होतं. केटरिंग यांना गल्ल्याची मोटर आठवली. काही सेकंदच काम करायचं असेल, तर छोटी मोटरही जास्तीचा भार उचलते. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये सेल्फ स्टार्टर आला आणि गाडी चालवायला दंडात ताकद हवी ही अट संपली.

ठिणगीवरचा आरोप आणि शिसं

आता या आयुष्यातला अवघड भाग. नव्या कॉइलच्या गाड्यांत इंजिन ठोकतं, म्हणजे नॉकिंग होतं, अशी तक्रार आली आणि दोष ठिणगीवर गेला. केटरिंग यांना ते पटलं नाही. त्यांनी शोध सुरू ठेवला आणि दोष इंधनाकडे निघाला. डिसेंबर १९२१ मध्ये त्यांच्या हाताखालच्या थॉमस मिजली यांना उपाय सापडला: पेट्रोलमध्ये टेट्राएथिल लेड, म्हणजे शिशाचं संयुग.

ठोकणं थांबलं. पण १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या एका रिफायनरीत हे संयुग बनवताना पाच कामगार विषबाधेने मेले. शिसं विष आहे हे तेव्हाही माहीत होतं. तरी धंदा पुढे गेला आणि हे इंधन विकायला काढलेल्या कंपनीचे पहिले अध्यक्ष केटरिंगच होते. पुढची कित्येक दशकं जगभरातल्या मुलांच्या रक्तात शिसं जात राहिलं. भारतात शिशाचं पेट्रोल २००० साली बंद झालं, जगात शेवटी अल्जीरियात २०२१ मध्ये.

माझ्या मते केटरिंग वाचताना हे टाळून चालत नाही. आपल्या कॉइलवरचा आरोप खोडण्यासाठी त्यांनी चिकाटीने पुरावा शोधला. शिशाच्या बाबतीत पुरावा समोर असतानाही ते थांबले नाहीत.

१९२० ते १९४७ ते जनरल मोटर्सचे संशोधनप्रमुख होते. तिथे अपयशही आलं. तांब्याच्या पंखांनी थंड होणारं त्यांचं इंजिन १९२३ मध्ये बाजारातून परत घ्यावं लागलं. १९४५ मध्ये आल्फ्रेड स्लोन यांच्यासोबत त्यांच्या नावाची कर्करोग संशोधन संस्था सुरू झाली. २५ नोव्हेंबर १९५८ रोजी डेटनमध्ये त्यांचं निधन झालं. नावावर १८० हून जास्त पेटंट होती.

आता तुमची कॉइल

- आधी खात्री करा. ब्लूटूथचं ओबीडी डोंगल लावून फोनवर कोड वाचा. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर. ती कॉइल दुसऱ्या सिलिंडरवर लावा. कोड पी०३०२ झाला तर दोष कॉइलचा. कोड जागेवरच राहिला तर प्लग, इंजेक्टर किंवा वायरिंग बघा.
- प्लग वेळेवर बदला. प्लग झिजून फट वाढली की ठिणगीला जास्त व्होल्ट लागतात आणि कॉइलवर ताण येतो.
- पाणी आणि ऑइल लांब ठेवा. बॉनेट उघडून प्रेशरने पाणी मारू नका. प्लगच्या खोबणीत ऑइल दिसलं तर आधी व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट बदला, नाहीतर नवी कॉइलही जाईल.
- बदलताना इंजिन थंड हवं, चावी बंद हवी, बॅटरीची निगेटिव्ह तार काढलेली हवी. कनेक्टरचं लॉक दाबून काढा, बोल्ट खोला, कॉइल थोडी फिरवून सरळ वर ओढा. नवी कॉइल नीट बसेपर्यंत दाबा, बोल्ट बेताने कसा.
- चालू इंजिनवर कॉइल उपसून ठिणगी बघू नका. शॉक लागतो आणि इलेक्ट्रॉनिक्सही जळू शकतं.

दिवा लुकलुकत असताना गाडी दामटू नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापवतं, आणि तो भाग कॉइलच्या कितीतरी पट महाग असतो. शिशाचं पेट्रोल या कन्व्हर्टरलाही निकामी करायचं, ते बंद होण्यामागे हेही एक मोठं कारण होतं. केटरिंग यांची ठिणगी आजही गाडीत आहे, शिसं गेलं. जे गेलं ते बरंच झालं, आणि जे राहिलं त्याची निगा आपल्या हातात आहे.