कुंडीच्या काठावरचे ३३५ फेरे

किड्यांवर दहा खंड लिहिणारा माणूस म्हटलं की आपल्याला वाटतं, हा काही आपल्या ब्रँचचा नाही. पण ज्याँ-आंरी फाब्र हा मूळचा मॅथ्स-फिजिक्सवाला! १८२३ साली दक्षिण फ्रान्समधल्या एका खेड्यात, गरीब घरात जन्म. शिष्यवृत्तीवर शिकून मास्तर झाला आणि पुढच्या डिग्र्या नोकरी सांभाळत स्वतःच अभ्यास करून मिळवल्या. आव्हिन्योला त्याच्या रात्रीच्या वर्गात मुलीही येत. त्यांना फुलांमधलं फलन शिकवलं म्हणून ओरड झाली. १८७० च्या सुमारास नोकरी आणि भाड्याचं घर, दोन्ही सुटलं. पुस्तकं लिहून पोट भरलं, आणि १८७९ मध्ये सेरिन्यां गावी एक खडकाळ माळ घेतला.

तिथल्या पाइनवरचे सुरवंट एकामागोमाग एक, पुढच्याला डोकं लावून चालतात. प्रत्येक जण रेशमाचा धागा सोडतो, मागचा त्यावरून जातो. ३० जानेवारी १८९६ ला अशी रांग एका मोठ्या कुंडीच्या काठावर चढली. काठ पूर्ण भरल्यावर फाब्रने मागून येणारे बाजूला केले आणि खाली जाणारा धागा ब्रशने पुसून टाकला. झालं! आता पहिला कोण आणि शेवटचा कोण?

फाब्रला वाटलं, काही तासांत कंटाळतील. ते सात दिवस फिरत राहिले, खाणं वीतभर अंतरावर असताना! बहात्तर वर्षांच्या या गृहस्थाने हिशोब मांडला: थांबे वजा करून ८४ तास, मिनिटाला ९ सेंटिमीटर, म्हणजे ४५३ मीटर. काठाचा घेर १.३५ मीटर. भागून बघा, ३३५ फेरे.

सुटका केली ती थंडीने. रात्री गारठून ते ढीग करून बसत, साखळी तुटे, आणि जो पुढे सापडेल तो आपोआप लीडर. असं भरकटतच आठव्या दिवशी ते खाली उतरले.

फाब्रने याला सुरवंटांचा मूर्खपणा म्हटलं. मला हे जरा अन्यायाचं वाटतं. झाडावर तोच धागा त्यांना रोज घरी आणतो. लूप बंद केला तो त्याने. १९९५ मध्ये हंगेरीच्या तमाश व्हिचेक आणि सहकाऱ्यांनी कॉम्प्युटरवर ठिपके सोडले. नियम एकच, शेजाऱ्यांची सरासरी दिशा धरायची, थोडी चूक करत. गर्दी दाट आणि चूक कमी असली की लीडरशिवाय सगळे एकाच दिशेला! थंडीने जे केलं, ते म्हणजे ही चूक वाढवणंच नाही का?

फाब्र १९१५ मध्ये, ९१ व्या वर्षी सेरिन्यांलाच गेला. त्याच्या माळावर आता म्युझियम आहे.