दिव्यामागची चूल

हाती दिवा घेतलेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाई आपल्या शब्बाथशाळेतील मुलांनाही ठाऊक आहेत. आम्हांला मात्र त्यांची चूल अधिक मोलाची वाटते.

सुखवस्तू घरात १८२० साली जन्मलेल्या बाईंना १८३७ साली देवाचे पाचारण झाले. १८५१ साली जर्मनीत पास्टर फ्लीडनर यांच्या सेविकाश्रमात त्या शिकल्या. नोव्हेंबर १८५४ मध्ये ३८ परिचारिकांसह त्या स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात पोहोचल्या. तेथे सर्वांचे मांस मोठ्या हंड्यांत एकत्र उकळत. कोणाच्या वाट्याला कच्चा तुकडा, कोणाच्या नुसते हाड. हगवणीने खंगलेल्या शिपायाने ते खावे कसे? बाईंनी वेगळी स्वयंपाकघरे मांडून मांसाचा रस्सा, आरारूटची पेज सुरू केली. पण डॉक्टरांच्या हुकमावाचून वाटीभरही दिली नाही. सोबतच्या परिचारिका यावर कुरकुरल्या. आमच्या मते खरे शहाणपण तेच, कारण वैद्य, परिचारिका व आचारी त्यामुळे एका खाटेभोवती आले. १८५५ साली लंडनचे नामांकित आचारी सोयेरही मदतीस गेले.

तरी त्या हिवाळ्यात माणसे मरतच होती. मार्च १८५५ पासून गटारे साफ होऊ लागली, तेव्हा मृत्यू झपाट्याने घटले. मायदेशी परतल्यावर बाईंनीच ते आकडे लोकांपुढे मांडले.

शुश्रूषेवरील आपल्या पुस्तकात त्यांनी अन्नाला दोन प्रकरणे दिली. रोग्याला कोणत्या घटकेला घास जातो ते पाहावे, आणि न खाल्लेले ताट त्याच्या उशाशी ठेवू नये, असे त्यांनी तेथे बजावले आहे.