दोनशे शोधांचे धनी : शंकर आबाजी भिसे

मुलांनो, पिंपरी-चिंचवडहून हिंजवडीच्या बाजूला गेलात, तर हिंजवडीला लागूनच मारुंजी हे मुळशी तालुक्यातले गाव दिसेल. या गावात थोडा वेळ उभे राहून आजूबाजूला पाहा. कुठे शेतात ट्रॅक्टरला जोडलेला नांगर चालताना दिसेल. शेजारच्या हिंजवडीत संगणकाच्या कंपन्यांच्या उंच इमारती दिसतील. संध्याकाळी मोकळ्या जागेत डोक्यावर हेल्मेट घालून क्रिकेट खेळणारी मुले दिसतील. नांगर, संगणक आणि हेल्मेट. या तीन वस्तूंत सारखे काय आहे, सांगा पाहू?

सारखे हे, की या वस्तूंचे लहानमोठे भाग कधीतरी कोणाच्या तरी डोक्यात आले. त्या माणसाने ते कागदावर काढले, करून पाहिले, चुकले तेव्हा पुन्हा केले. शेवटी त्यातल्या कित्येकांनी आपल्या शोधाचे पेटंट घेतले.

पेटंट हा शब्द तुम्ही ऐकला असेल. मराठीत त्याला एकस्व असेही म्हणतात. समजा, तुम्ही एक नवे यंत्र तयार केले. असे यंत्र आधी कोणी केलेले नाही, ते जाणकारालाही सहज सुचण्यासारखे नाही आणि ते कारखान्यात तयार करून वापरता येते. मग तुम्ही त्याची सगळी माहिती आकृत्यांसह लिहून सरकारच्या पेटंट कार्यालयात अर्ज करता. कार्यालय तो अर्ज तपासते. तो पटला, तर ठरावीक मुदतीपुरता तुम्हाला हक्क मिळतो. त्या मुदतीत तुमच्या परवानगीशिवाय ती वस्तू दुसऱ्या कोणाला बनवता किंवा विकता येत नाही. आपल्या देशात ही मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांची आहे. मुदत संपली, की तो शोध सर्वांचा होतो. हा एक प्रकारचा सौदाच आहे. तुम्ही आपले गुपित जगाला सांगायचे आणि जगाने काही वर्षे तुमचा हक्क मानायचा.

आज आपण अशा एका माणसाची गोष्ट वाचणार आहोत, ज्याने सुमारे २०० शोध लावले आणि त्यांपैकी सुमारे ४० शोधांची पेटंटे मिळवली. त्यांचे नाव शंकर आबाजी भिसे.

भिसे यांचा जन्म २९ एप्रिल १८६७ रोजी मुंबईत झाला. त्या काळात मुंबई झपाट्याने वाढत होती. कापडाच्या गिरण्या उभ्या राहत होत्या, आगगाडी धावत होती, छापखाने निघत होते. जिकडे पाहावे तिकडे यंत्रेच यंत्रे! पण ही यंत्रे बहुतेक विलायतेहून येत. ती चालवणारे हात आपले असत, बनवणारे डोके मात्र परक्याचे असे. ही गोष्ट तरुण भिसे यांच्या मनाला लागली.

यंत्रविद्या शिकायला ते कोणत्याही मोठ्या महाविद्यालयात गेले नव्हते. सायंटिफिक अमेरिकन नावाचे एक नियतकालिक त्या वेळी अमेरिकेहून येई. त्यातील लेख आणि आकृत्या वाचून ते यंत्रांची रचना शिकले. वाचून थांबले नाहीत, तर हाताने करून पाहू लागले. मुंबईत त्यांनी विज्ञानाची आवड असणाऱ्यांचे एक मंडळ सुरू केले. आत काही भेसळ करता येणार नाही अशी बाटली, सायकलीला जोडायची विजेची उपकरणे, लोकलच्या प्रवाशांना पुढचे स्टेशन कोणते ते दाखवणारे यंत्र, अशा कितीतरी वस्तूंवर त्यांनी काम केले. आज लोकलच्या डब्यात पुढच्या स्टेशनाचे नाव झळकते, तेव्हा आपल्याला त्यात नवल वाटत नाही. पण शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मुंबईतल्या एका तरुणाला ही गरज जाणवली होती, हे लक्षात ठेवा.

१८९७ च्या सुमारास लंडनच्या एका नियतकालिकाने संशोधकांसाठी स्पर्धा जाहीर केली. किराणा दुकानातला माल आपोआप तोलून देणारे यंत्र कोण तयार करील? इंग्लंडमधल्या अनेकांनी त्यात भाग घेतला. पण पहिला आला तो मुंबईचा भिसे! त्या दिवसांत हिंदुस्थानी माणसाला यंत्रातले काही कळत नाही, असे पुष्कळ इंग्रजांना वाटत असे. या एका निकालाने त्या समजाला चांगलाच धक्का दिला.

आता भिसे यांनी लंडनला जायचे ठरवले. यंत्र तयार करायला चांगली कार्यशाळा हवी आणि पैसा लावणारी माणसे हवीत. ही दोन्ही तिथे मिळतील, अशी त्यांना आशा होती. जाताना काँग्रेसचे चिटणीस दिनशा वाच्छा यांनी त्यांना एक ओळखपत्र दिले. ते पत्र होते दादाभाई नौरोजी यांच्या नावाचे. दादाभाईंना तुम्ही इतिहासाच्या पुस्तकातून ओळखता. १८९२ मध्ये ते ब्रिटिश पार्लमेंटवर निवडून आले होते. इंग्रजी राज्यामुळे हिंदुस्थानची संपत्ती बाहेर कशी वाहून जाते, हे त्यांनी आकडे मांडून दाखवले होते. देशातील माणसांच्या बुद्धीला वाव मिळाला पाहिजे, अशी त्यांची तळमळ होती. वयाची सत्तरी ओलांडलेल्या दादाभाईंनी या तरुणाला जवळ केले आणि त्याच्या प्रयोगांसाठी पैसा दिला.

लंडनमध्ये भिसे यांच्या बुद्धीला जणू पंख फुटले. त्यांनी विजेवर चालणारे, जाहिराती दाखवणारे एक यंत्र केले. त्याचे नाव व्हर्टोस्कोप. लंडनच्या प्रसिद्ध क्रिस्टल पॅलेसमध्ये ते लोकांना पाहायला मिळाले. स्वयंपाकघरातली उपकरणे, टेलिफोन, डोकेदुखी कमी करण्याचे साधन, शौचकुपात आपोआप पाणी सोडणारी रचना, अशा नाना तऱ्हेच्या गोष्टी त्यांनी शोधल्या. त्यांचे डोके एकाच विषयात अडकून पडत नसे. जिथे माणसाची अडचण दिसे, तिथे ते यंत्राचा विचार करू लागत.

परंतु त्यांचा सर्वांत मोठा शोध होता छपाईतला. त्या काळी पुस्तक छापायचे, तर प्रत्येक अक्षराचा एक धातूचा खिळा लागे. शिसे, कथील आणि अँटिमनी यांचा रस साच्यात ओतून हे खिळे पाडत. मग खिळे जुळवणारे कामगार एकेक खिळा उचलून ओळ तयार करत. हे काम भराभर करणारी लायनोटाइप आणि मोनोटाइप ही यंत्रे निघाली होती, पण ती महाग आणि गुंतागुंतीची होती. भिसे यांनी खिळे ओतणारे एक नवे यंत्र तयार केले. त्याला भिसोटाइप हे नाव मिळाले. हे यंत्र मिनिटाला सुमारे १२०० खिळे पाडू शकत असे. सोपे, स्वस्त आणि वेगवान यंत्र! पुस्तके स्वस्त झाली, तर ज्ञानही स्वस्त होईल, हे तुम्हाला सांगायला नको.

इथवरची गोष्ट वाचून तुम्हाला वाटेल, की आता भिसे श्रीमंत झाले असतील. तसे झाले नाही.

शोध लागणे वेगळे आणि तो बाजारात उभा राहणे वेगळे. नवे यंत्र मोठ्या संख्येने बनवायचे, तर भांडवल हवे. भिसोटाइपसाठी सुमारे १५,००० पौंड लागणार होते. त्या काळी ही रक्कम फार मोठी होती. दादाभाईंनी इंग्लंडमधले समाजवादी पुढारी हेन्री हाइंडमन यांच्या मदतीने ती उभी करण्याचा प्रयत्न केला, पण पैसा जमला नाही. दुसरीकडे छपाईची यंत्रे विकणाऱ्या बड्या कंपन्यांनी बाजार आधीच काबीज केला होता. शिवाय पेटंटची मुदत कोणासाठी थांबत नाही. इंग्लंडमध्ये तेव्हा ती १४ वर्षांची होती. हक्क टिकवायचा, तर त्याची फीही भरत राहावी लागे. १९०७ मध्ये वृद्ध दादाभाई मायदेशी परतले. पाठोपाठ १९०८ मध्ये भिसे यांनाही लंडनचे काम बंद करून मुंबईला यावे लागले.

दहा वर्षांची मेहनत वाया गेली, असे कोणीही म्हटले असते. पण भिसे यांनी हार मानली नाही. गोपाळ कृष्ण गोखले यांच्यामुळे त्यांची ओळख सर रतन टाटा यांच्याशी झाली. हे रतन टाटा म्हणजे उद्योगपती जमशेटजी टाटांचे धाकटे चिरंजीव. २०२४ मध्ये वारलेले रतन टाटा ते वेगळे, ही गल्लत करू नका. सर रतन टाटांनी पैसा लावला आणि भिसे पुन्हा लंडनला जाऊन कामाला लागले. ही व्यवस्थाही फार वर्षे टिकली नाही. तेव्हा पहिल्या महायुद्धाच्या काळात, वयाच्या पन्नाशीच्या आसपास, ते अमेरिकेत न्यूयॉर्कला गेले. ज्या वयात माणसे विसाव्याचा विचार करतात, त्या वयात त्यांनी नव्या देशात नवी सुरुवात केली!

अमेरिकेत त्यांनी खिळे ओतण्याचे यंत्र आणखी सुधारले आणि त्यासाठी कंपनी काढली. त्यांनी आयोडीनपासून एक औषधही तयार केले. ते ॲटोमिडीन या नावाने विकले जात असे. १९३० मध्ये त्यांची आणि थोर संशोधक थॉमस एडिसन यांची भेट झाली. एडिसन यांच्या नावावर अमेरिकेतली १,०९३ पेटंटे होती. भिसे यांना लोक हिंदुस्थानचे एडिसन म्हणत. ७ एप्रिल १९३५ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले.

आता आपल्या घरातली एक गोष्ट आठवा. तुमच्या आजोबांच्या काळातले उर्दू पुस्तक किंवा वर्तमानपत्र कधी पाहिले आहे का? त्यातली अक्षरे खिळ्यांची नसत. कातिब साहेब ती बोरूने लिहीत आणि मग ती दगडावर उतरवून छापत. असे का? नस्तालीक लिपीत अक्षरे एकमेकांना जोडून तिरकी उतरत जातात आणि जागेप्रमाणे त्यांचे रूप बदलते. त्यासाठी हजारो निरनिराळे खिळे लागले असते. सुटे खिळे पाडणारे कितीही वेगवान यंत्र आणले, तरी ही अडचण सुटणारी नव्हती. ती सुटली संगणकामुळे. १९८१ मध्ये मिर्झा अहमद जमील यांनी हजारो जोड-अक्षरे सुंदर हस्ताक्षरात लिहिली आणि ती संगणकात साठवली गेली. त्यातून नूरी नस्तालीक तयार झाली. एका पिढीला जे जमत नाही, ते पुढची पिढी दुसऱ्या वाटेने साधते, ते असे.

मुलांनो, उद्या तुम्हालाही काही सुचेल. तेव्हा काही गोष्टी ध्यानात असू द्या. आपल्या देशाच्या कायद्यानुसार शेती करण्याच्या नुसत्या पद्धतीला पेटंट मिळत नाही, पण पेरणीच्या नव्या अवजाराला मिळू शकते. खेळाच्या नियमांना मिळत नाही, पण खेळाच्या नव्या साहित्याला मिळू शकते. नुसत्या संगणक-प्रोग्रॅमला मिळत नाही, पण नव्या यंत्राला मिळू शकते. नुसती कल्पना पुरत नाही, ती प्रत्यक्षात कशी येते हे दाखवावे लागते. आणि अर्ज करण्यापूर्वी आपला शोध चारचौघांत जाहीर करू नये, कारण मग तो नवा राहत नाही.

भिसे यांच्या चरित्रातून आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. शोध लावताना माणूस एकटा असतो, पण तो शोध एकट्याने उभा राहत नाही. एका मराठी संशोधकामागे दादाभाई, वाच्छा आणि टाटा ही पारशी माणसे उभी राहिली. धर्म किंवा भाषा न पाहता त्यांनी गुण पाहिला. तुमच्या वर्गात कोणी बिघडलेला पंखा उघडून बसत असेल, तर त्याला हसू नका. त्याला पेचकस नेऊन द्या. पुढच्या वेळी मारुंजीच्या रस्त्याने जाताना नांगर, संगणक आणि हेल्मेट पुन्हा पाहा आणि स्वतःला विचारा, यात अजून काय सुधारता येईल?

शब्दार्थ
संशोधक – नवी गोष्ट शोधून काढणारा, मूजिद
शोध – नव्याने तयार केलेली गोष्ट, ईजाद
भांडवल – धंद्यात घातलेला पैसा, सरमाया
खिळा – छपाईसाठी धातूत ओतलेले अक्षर
वाव मिळणे – संधी मिळणे
हार मानणे – पराभव कबूल करणे

स्वाध्याय
१. पेटंटला सौदा का म्हटले आहे, ते तुमच्या शब्दांत लिहा.
२. भिसोटाइप यंत्र चांगले असूनही बाजारात का उभे राहिले नाही? तीन कारणे लिहा.
३. नस्तालीक लिपीचे खिळे पाडणे अवघड का होते?
४. हक्क, अर्ज, मुदत हे शब्द मराठीत आणि उर्दूतही आहेत. पाठातून असे आणखी पाच शब्द शोधा.
५. तुमच्या घरातल्या एखाद्या वस्तूत कोणती सुधारणा करता येईल? आकृती काढून पाच वाक्ये लिहा.